गावाच्या पर्यटनाची वेबसाइट: गूगलवरची नोंद, फुकटची साइट, वर्डप्रेस की बुकिंग पोर्टल?

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक पुण्या-मुंबईहून येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. निघण्याआधी त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात: पिल्लं सध्या निघताहेत का, राहायला जागा आहे का, आणि यायचं कसं. यातल्या पहिल्या दोन रोज बदलतात. काजवे, धबधबे, हुरडा असा ठरावीक दिवसांचा हंगाम असलेल्या कुठल्याही गावात हेच चित्र असतं. त्यामुळे साइट किती देखणी हवी हे नंतर पाहा. ऐन हंगामात, घरात पाहुणे असताना, ती मोबाइलवरून कोण बदलणार हे आधी ठरवा.

गूगलवरची नोंद

गूगलच्या शोधात आणि नकाशावर आपण दिसावं म्हणून करायची ही नोंद. पैसे लागत नाहीत आणि सुरुवात इथूनच करावी. पण ही नोंद व्यवसायाची असते, गावाची नाही. म्हणजे प्रत्येक घराला आपापली करावी लागते. पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, घरावरची पाटी, आतल्या खोल्या, सगळं सलग, न कापता. घराला नावाची पक्की पाटी नसेल तर इथेच अडतं, म्हणून पाटी आधी लावा. दाखवलेलं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षरशः एक हवं.

या नोंदीसोबत गूगल पूर्वी एक छोटी वेबसाइटही फुकट देत असे. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी पत्रकांवर आणि फलकांवर तोच पत्ता छापला होता त्यांचा छापील खर्च वाया गेला. पुढे काहीही निवडलंत तरी छापायचा पत्ता स्वतःच्या डोमेनचाच, म्हणजे आपण विकत घेतलेल्या वेब-नावाचाच, ठेवा.

गूगल साइट्सवरची साधी साइट

दहा-वीस घरं असतील, पाहुणे पाळीने वाटले जात असतील आणि फोन एकच समन्वयक घेत असेल, तर आमचं मत सरळ गूगलच्या या फुकट साइट बनवण्याच्या सोयीला आहे. होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचा, खर्च नाही, अपडेटची कटकट नाही. खर्च फक्त डोमेनचा, तो साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असतो.

अडचण एक आहे: फोनवरून ही साइट बदलणं त्रासाचं. उपाय असा. गूगल शीटमध्ये चार रकाने करा: तारीख, सकाळी, संध्याकाळी, शिल्लक जागा. ती शीट साइटच्या पहिल्याच पानावर बसवा. समन्वयक किनाऱ्यावरून शीटच्या ॲपमध्ये ‘सकाळी १२ पिल्लं, शनिवार भरला’ एवढं लिहितो आणि काही मिनिटांत साइटवर ते दिसतं. साइटला हात लावावाच लागत नाही.

हमखास होणारी चूक: शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशी केलेली नसते. बनवणाऱ्याच्या फोनवर सगळं ठीक दिसतं, कारण तो त्याच खात्यातून आत असतो. पाहुण्याला मात्र लॉगिन मागितलं जातं. म्हणून साइट नेहमी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून तपासा. त्याच वेळी पत्ता सुरुवातीच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय टाकून पाहा. उघडत नसेल तर डोमेन जिथून घेतलं तिथे फॉरवर्डिंग (हा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या पत्त्याकडे वळवणं) लावायचं राहिलंय.

दुसरी काळजी खात्याची. गावातल्या एखाद्या मुलाच्या वैयक्तिक जीमेलवर साइट केली आणि तो नोकरीला बाहेर गेला, की साइटही त्याच्याबरोबर गेली. गावाच्या पर्यटन समितीच्या नावाने वेगळं खातं काढा, साइट त्याच खात्यातून बनवा आणि आणखी दोघांना संपादक म्हणून जोडा. खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून हंगाम नसतानाही अधूनमधून त्यात शिरत जा.

वर्डप्रेस

मराठी-इंग्रजी दोन्ही पानं, ऑनलाइन आगाऊ रक्कम, तारखांचं कॅलेंडर, हे सगळं हवं असेल तर वर्डप्रेसच, म्हणजे स्वतःच्या होस्टिंगवर चालवायची साइट बनवण्याची प्रणाली. पण होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर हा आमिषाचा असतो. नूतनीकरणाचा दर दुप्पट-तिप्पट निघू शकतो, तो आधीच विचारा. प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी, महिन्यातून एकदा तरी अद्ययावत करावे लागतात. ते वर्षभर तसेच राहिले की साइटमध्ये कोणीतरी शिरतं आणि गावाच्या नावाखाली जुगाराची पानं दिसू लागतात. दर आठवड्याची बॅकअप प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा.

पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरून ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. थेट यूपीआयवर आगाऊ रक्कम घेतली तर हा खर्च वाचतो, मात्र कोणाचे आले याची नोंद हाताने ठेवावी लागते. ज्याला या कामाचं मानधन मिळतं असा माणूस नसेल, तर वर्डप्रेस घेऊ नका. फुकट करून देणाऱ्याचा उत्साह पहिल्या हंगामापुरता असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

बुकिंग पोर्टल

कमिशन बहुधा १५ ते २० टक्के किंवा त्याहून वर. माणशी ८०० रुपये रोज धरले तर चौघांच्या दोन दिवसांचे ६४०० होतात. १८ टक्क्यांनी त्यातले ११५२ गेले. पण पैशांपेक्षा मोठा प्रश्न पद्धतीचा आहे. पोर्टल खोली विकतं, गाव माणशी जेवणासह दर लावतं. शाकाहारी किती, लहान मुलं किती, हे फोनवर विचारलं जातं; पोर्टलवर ते राहून जातं आणि स्वयंपाक चुकतो.

शिवाय तिथे प्रत्येक घराला स्वतंत्र तारे मिळतात. रस्त्यालगतच्या दोन घरांना जास्त अभिप्राय मिळाले की पाहुणे तिथेच जातात आणि पाळी मोडते. ज्या गावात पर्यटन सगळ्यांचं आहे, तिथे हे नुकसान भरून येत नाही. हंगामाबाहेरचे, आठवड्याच्या मधले दिवस भरायला दोन-तीन खोल्या पोर्टलवर ठेवायला हरकत नाही. मात्र पोर्टल आणि स्वतःचं कॅलेंडर जोडलं तरी ते त्याच क्षणी जुळत नाही. एकच खोली दोघांना जाते ती याच मधल्या वेळात. शनिवार-रविवार पोर्टलवर उघडूच नका.

काहीही निवडलंत तरी

यायच्या वाटेचं पान मन लावून लिहा. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातही एक वेळास आहे. नुसतं नाव टाकून नकाशा लावणारा तिथे पोचतो, आणि मध्ये बाणकोटची खाडी असते. म्हणून जिल्हा, तालुका आणि नकाशावरची खूण तिन्ही द्या. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांसाठी बागमांडला-वेश्वी फेरीबोटीचा उल्लेख करा आणि शेवटची फेरी फोनवर विचारून निघा असं ठळक लिहा.

पिल्लं दिसतीलच अशी हमी कधीही देऊ नका. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि नेमका दिवस कोणालाच ठरवता येत नाही. हे पहिल्याच पानावर लिहिलं की रिकाम्या हाती परतलेला पाहुणाही रागावत नाही.

फोनमधला फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. तो १२०० ते १६०० पिक्सेल रुंद करून २०० केबीच्या आत आणा; घाटात एक कांडी रेंज असतानाही पान उघडलं पाहिजे. मजकूर युनिकोडमध्येच हवा. छापखान्याकडून श्रीलिपीतलं (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं) पत्रक घेऊन तसंच चिकटवलं तर पडद्यावर निरर्थक चिन्हं उमटतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळणारे फॉन्ट चांगले, जाड आणि साधी एवढी दोनच वजनं घ्या.

आणि डोमेन समितीच्या ईमेलवर, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून घ्या. साइट बनवणाऱ्याच्या नावावर ते राहिलं तर भांडण झाल्या दिवशी पत्ता त्याचा होतो. मुदत संपायची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.