नाशिकमधील एका रेटिना क्लिनिकचा अनुभव : तक्रार एका डोळ्याची, तपासणी दोन्हींची

दिवाळीपासून सासूबाईंच्या डाव्या डोळ्यापुढे सावली येत होती. प्रथम ज्यांना दाखवले, त्यांनी डोळ्याच्या पडद्यामागे (रेटिनामागे) गाठ असून कदाचित डोळाच काढावा लागेल, असे सांगितले. घर हादरले, आणि दुसरे मत घेण्यासाठी आम्ही गंगापूर रोड भागातील या क्लिनिकमध्ये गेलो.

यंत्राला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांनी जुन्या आजारांची चौकशी केली. सासूबाईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया २०१७ मध्ये झाली होती. त्याचा डोळ्याशी संबंध असेल, हे आमच्या ध्यानीमनीही नसल्याने ती फाइल कपाटातच राहिली होती. ती मागवून घेतली गेली आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब दोन्ही डोळ्यांत टाकण्यात आले. ज्या उजव्या डोळ्याबद्दल काहीच तक्रार नव्हती, त्यातही एक लहान डाग सापडला.

पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर असतो, आणि रक्तातून वाहत आलेल्या कर्करोगाच्या पेशी डोळ्यात रुजल्या तर बहुधा तेथेच रुजतात. त्यांचे मूळ बहुतेक वेळा स्तनात किंवा फुप्फुसात असते. याउलट डोळ्यातच उगम पावणारा मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, सहसा एकाच डोळ्यात, एकच गाठ होऊन वाढतो. ती तपकिरी, घुमटासारखी आणि कधी अळंबीच्या आकाराची असते. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली, तेव्हा पिवळसर, पसरट डाग पाहून सासूबाईच म्हणाल्या, "अगं, ही तर दुधावरची साय!" बी-स्कॅनमध्ये, म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीत, मेलानोमा आतून काळसर, पोकळ भासतो, येथे गाठीचा आतला भाग उजळ होता, आणि ओसीटीत (प्रकाशाच्या मदतीने पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) तिचा पृष्ठभाग उंचसखल दिसला. रंग नसलेला मेलानोमाही असतो, म्हणून एका खुणेवर विसंबता येत नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले आणि कर्करोग शरीरात कुठे पसरला आहे ते दाखवणारा पेट स्कॅन करायला लावला. त्यात हाडांतही कर्करोगाचे ठिपके निघाले. बातमी वाईटच होती, पण उपचार आता डोळ्यापुरता नव्हे तर सर्व शरीराचा करायचा आहे, हे त्यामुळे उमगले. कर्करोगतज्ज्ञांनी गोळ्या बदलल्या, डोळ्यांना किरणोपचार दिले. डोळा काढावा लागला नाही.

उणिवाही आहेत. पहिल्या दिवशी वेळ घेऊनही अडीच तास बसावे लागले. अहवाल संक्षेपांनी इतका भरलेला होता की समजून घेण्यासाठी पुन्हा आत जावे लागले, आणि डोळ्यांचे फोटो मागितल्याशिवाय मिळाले नाहीत. कर्करोगतज्ज्ञांना ते लागतातच, तेव्हा काउंटरवर आधीच सांगून ठेवावे. शक्यतो संध्याकाळची वेळ घ्यावी. थेंबांनंतर दुपारच्या उन्हात सासूबाईंना रिक्षाची पायरीही दिसेना.