बीबीए अर्ध्यावर सोडून गोव्यात परत येताय? म्हापशातल्या सरांकडे प्लॅन करून घेतला त्याचा रिव्ह्यू

आधी सर्विस काय आहे ते सांगते, कारण लोक उगाच भलतीच अपेक्षा घेऊन जातात. म्हापशात बाजाराच्या मागच्या अंगाला एका जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर कॉमर्सचे एक रिटायर्ड सर बसतात, आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीत बीबीएची एक-दोन वर्षं करून जे गोव्यात येतायत त्यांना उरलेल्या सेमिस्टरांचा प्लॅन करून देतात, म्हणजे कुठले पेपर धरले जातील, कुठले परत करावे लागतील, कुठल्या सेमिस्टरला काय घ्यायचं. बस एवढंच. ॲडमिशन करून देत नाहीत, आणि ते पहिल्याच मिनिटाला तोंडावर सांगतात. "सीट पक्की करून देतो" म्हणणारे वेगळे, त्यांच्याकडे पण आम्ही जाऊन आलो होतो, त्यावर न लिहिलेलं बरं.

बोर्ड धड नाही. खाली झेरॉक्सवाल्याला विचारलं की तो मान वर न करता बोट वर करतो. फी साडेतीन हजार, फक्त कॅश.

माझी केस अशी, पुण्यात एका कॉलेजात बीबीएची चार सेमिस्टर झाली, मग घरची अडचण आली आणि डिचोलीला परत यायचं ठरलं. पप्पांचं गणित सरळ होतं, तीन वर्षांचा कोर्स, दोन झाली, एक राहिलं, गोव्यात एक वर्ष काढलं की पोरगी ग्रॅज्युएट. कॉलेजांत विचारलं तर कोण म्हणे मार्कशीट घेऊन या, कोण म्हणे एलिजिबिलिटीचं (पात्रतेचं) युनिव्हर्सिटीत विचारा, कोण म्हणे चतुर्थीनंतर या. चतुर्थीनंतर!! तोपर्यंत अर्धी टर्म जाते.

सरांनी पप्पांचं सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद ओढला. पुण्यात आम्हाला सेमिस्टरला २२ क्रेडिट (पेपर पास झाला की खात्यात जमा होणारे पॉइंट) होते, म्हणजे माझ्याकडे ८८ जमा. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या डिसेंबर २०२२च्या फ्रेमवर्कप्रमाणे तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पप्पा म्हणाले मग ३२च राहिले की. सर हसले, म्हणाले थांबा हो जरा. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी, विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) याचे २०२१चे नियम आहेत, त्यात जी संस्था डिग्री देणार तिथे निदान अर्धे क्रेडिट कमवावे लागतात. म्हणजे १२०ची डिग्री गोव्यातून हवी तर ६० इथेच करायचे, माझ्या ८८ मधले कामाला येणार फार तर ६०, बाकीचे २८ असून नसल्यासारखे. आणि सेमिस्टरला २० धरले तर ६० म्हणजे तीन सेमिस्टर. एक वर्ष नाही, दीड. आता दुसऱ्या बाजूने बघा, १६०ची डिग्री घेतली तर अर्धे म्हणजे ८० इथे, चार सेमिस्टर, आणि पुण्याचे ८० पर्यंत धरता येतात, वाया जाणार फक्त ८.

म्हणजे साधी डिग्री आणि ऑनर्स यात फरक किती, तर एक सेमिस्टर!

हे कोणीच सांगितलं नव्हतं हो आम्हाला. सगळे आपले "थर्ड इयरला घेतील की नाही" एवढ्यावरच अडकलेले. साडेतीन हजार माझ्या मते तिथेच वसूल झाले, बाकी सगळं वरकड. पप्पा मात्र गप्प झाले, कारण त्यांनी एका वर्षाचीच तयारी केली होती ना, पैशाची पण आणि मनाची पण.

सरांनी लगेच हे पण बजावलं की हा नियमांचा हिशोब आहे, शेवटचा शब्द कॉलेजचा आणि युनिव्हर्सिटीचा, आणि तो शब्द तोंडी घ्यायचा नाही, लेखी घ्यायचा. अर्जाचा मसुदा त्यांनीच करून दिला, मुद्देसूद, एकेका प्रश्नापुढे उत्तराला मोकळी जागा. काउंटरवरच्या माणसाला पण तो आवडला असावा कारण त्याने पहिल्यांदा आमच्याकडे नीट बघितलं.

मग मोठा कागद. ए-थ्री साइजचा, त्यावर डाव्या बाजूला इथले खाने (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, एमडीसी म्हणजे मल्टिडिसिप्लिनरी, एईसी म्हणजे भाषा वगैरे, एसईसी म्हणजे स्किल, व्हीएसी म्हणजे व्हॅल्यू ॲडेड, इंटर्नशिप), उजवीकडे माझे पुण्याचे पेपर, आणि मधे हिरवी, पिवळी, लाल पेन्सिल. मला वाटायचं क्रेडिट म्हणजे क्रेडिट, कुठल्याही खात्यात टाका. सर म्हणाले, "अगे बाय, नुसते क्रेडिट मोजून चालत नाहीत, खाने भरले का ते बघ." तीन वर्षांच्या डिग्रीत मेजरचे ६० आणि मायनरचे २४ लागतात, ऑनर्सला ते ८० आणि ३२ होतात, त्याशिवाय मल्टिडिसिप्लिनरीचे ९, भाषेचे वगैरे ८, स्किलचे ९. महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह म्हणून जे असतं ते इथे एमडीसीत बसवायचं, पण एमडीसीला नियम आहे की बारावीला केलेला विषय परत घ्यायचा नाही, आणि माझी बारावी कॉमर्सची. म्हणजे जी ओपन इलेक्टिव्ह मी पुण्यात सोपी म्हणून घेतली होती त्यातली एक पिवळी झाली. पुण्यात त्याला कोणाची हरकत नव्हती, इथे प्रश्नचिन्ह.

नाव सारखं म्हणून पेपर सारखा नसतो, यावर सरांनी बराच वेळ घेतला आणि तो घेतला ते बरंच झालं. बिझनेस लॉ घ्या. एके ठिकाणी त्या नावाखाली कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ आणि सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९३० एवढंच शिकवतात, दुसरीकडे त्यातच कंपनीज ॲक्ट २०१३ आणि कन्झ्युमर प्रोटेक्शन २०१९ पण कोंबलेलं असतं, तिसरीकडे कंपनी लॉ हा अख्खा वेगळा पेपर. पेपर धरायचा की नाही ठरवणारे समितीवाले टायटल बघत नाहीत, युनिट बघतात, म्हणून मार्कशीटसोबत सही-शिक्क्याची सिलॅबस कॉपी लागते, आणि ती जुनं कॉलेज सोडायच्या आधी घ्यायची. मी पुण्यात असतानाच मायग्रेशन सर्टिफिकेटचा (दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायच्या दाखल्याचा) अर्ज टाकला होता म्हणून वाचले, सिलॅबस मात्र मैत्रिणीला पाठवून काढून घ्यावी लागली, तिला एक जेवण लागू आहे.

आता क्रम. हा भाग सरांचा हातखंडा. जूनला सुरू होणाऱ्या टर्मचे पेपर वेगळे, दिवाळीनंतरच्या टर्मचे वेगळे, आणि एकदा चुकला की तो पेपर थेट पुढच्या वर्षी, रात्रीची शेवटची कदंबा बस गेल्यासारखं, स्टँडवर बसून काही उपयोग नाही. म्हणून सर प्लॅन उलटा करतात, शेवटच्या सेमिस्टरपासून मागे येतात. शेवटी स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट, त्याच्या आधी मार्केटिंग, फायनान्स, एचआर तिन्ही झालेले हवेत, फायनान्शियल मॅनेजमेंटच्या आधी कॉस्ट अकाउंटिंग, रिसर्च मेथडॉलॉजीच्या आधी स्टॅटिस्टिक्स. फ्रेमवर्कमधे कोर्सचे नंबर पण तसेच आहेत, १००चे पायाभूत, मग २००चे, ३००चे, आणि ४००चे चौथ्या वर्षाचे. ते म्हणाले ट्रान्सफरवाली मुलं राहिलेले १००चे पेपर शेवटी ढकलतात, सोपे म्हणून, आणि मग शेवटच्या टर्मला टाइमटेबल क्लॅश होतं कारण फर्स्ट इयरचे वर्ग आणि फोर्थ इयरचे वर्ग एकाच वेळी. माझे असे दोन होते. दोन्ही पहिल्याच टर्मला टाकले. फर्स्ट इयरच्या पोरांत बसून आयएसए (सेमिस्टरमधली चाचणी) द्यायला लाज वाटते थोडी, पण ठीक आहे.

ऑनर्स विथ रिसर्चचं पण विचारलं मी. त्याला पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचं डिझर्टेशन, नाहीतर मग साधं ऑनर्स, डिझर्टेशनच्या जागी तेवढ्याच क्रेडिटचे जास्तीचे पेपर. सरांनी माझ्या मार्कशीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जास्तीचे पेपर लिहिले. मी काही बोलले नाही. चार वर्षं केली की पुढे मास्टर्स एका वर्षात होऊ शकतं हे पण सांगितलं, एमबीएचं मात्र ज्या त्या इन्स्टिट्यूटला विचारायचं म्हणाले.

आता जे पटलं नाही ते.

ऑनलाइनच्या बाबतीत, म्हणजे स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलच्या बाबतीत, सर जुन्या काळातले आहेत. स्वयम्‌चं नाव काढलं की "ते राहू दे" म्हणतात. अरे पण यूजीसीच्या २०२१च्या नियमाने एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून करता येतात, आधी कॉलेजची परवानगी घेतली तर, आणि ज्याला डिचोलीहून किंवा वाळपईहून रोज बसने यायचंय त्याला हे किती सोयीचं! माझ्या व्हीएसीच्या एका पेपरला ते चाललं असतं की नाही हे मी स्वतः विचारून घेतलं, सरांच्या कागदावर त्याला जागाच नव्हती. साडेतीन हजारात हे यायला हवं होतं.

एबीसी आयडी, अपार (विद्यार्थ्याचा कायमचा नंबर), डिजिलॉकर (सरकारी कागदांचं ऑनलाइन लॉकर), यातलं काहीही विचारलं तर शून्य. माझं आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव यात वडिलांच्या नावाचा घोळ, त्यामुळे पोर्टलवर क्रेडिट दिसेनात. सर म्हणे कॉलेजला विचार. बरोबरच आहे म्हणा, क्रेडिट अपलोड संस्थाच करते, विद्यार्थ्याला स्वतः टाकता येत नाही, पण नाव आधी जुळवून घे एवढं तरी सांगायचं. ज्यांच्या नावात असा घोळ आहे त्यांनी जुन्या कॉलेजात असतानाच निस्तरा, राज्य बदलल्यावर फोनवर कोणी उचलत नाही.

आणि खर्चाचं एक अक्षर नाही. चार सेमिस्टर म्हणजे चार वेळची फी, एलिजिबिलिटीची फी, परीक्षा फी, हे त्या ए-थ्री कागदावर एका कोपऱ्यात आलं असतं तर पप्पांना घरी येऊन वहीत मांडत बसावं लागलं नसतं. त्यांनी मांडलं आणि मग दोन दिवस माझ्याशी कमी बोलले, नंतर आपणच म्हणाले ऑनर्स कर. आईने मधे काय सांगितलं ते माहीत नाही.

कोणी जावं? दोन वर्षं झालेल्यांनी जावंच, विशेषतः महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून येणाऱ्यांनी, कारण तिथली खात्यांची नावं वेगळी आहेत. ज्यांचं नुसतं फर्स्ट इयर झालंय त्यांनी पैसे घालवू नयेत, मेजरचे जेमतेम पेपर झालेले असतात, कॉलेजातले एखादे मनमिळाऊ सर फुकटात बसवून देतील. सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन मधे बाहेर पडलेले असाल तर जाताना ते कागद नक्की न्या, कारण परत यायला तीन वर्षांची मुदत आणि एकूण सात वर्षांची मर्यादा असते, आणि सरांचा पहिला प्रश्न तोच असतो. आणि बीबीए, बीसीए आता २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली आलेत, तुमचं जुनं कॉलेज त्यांच्या मान्यतेचं होतं का हे पण विचारतात, उत्तर तयार ठेवा.

शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या दिवशी स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि जिन्यात पण टोपल्या असतात. सकाळी दहाच्या आत गेलात तर निवांत बोलतात, बाराच्या पुढे त्यांना जेवणाची घाई. सगळ्याच्या दोन झेरॉक्स घेऊन जा, खालचा झेरॉक्सवाला सरांचं नाव सांगितलं तरी एक रुपया कमी करत नाही. पाचात चार स्टार, पाचवा स्वयम्‌मुळे कापला.