नवा म्हणून जुना फवारणी पंप गळ्यात मारला, आणि आजींची तुळस गेली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, घरचे हसून झालेत. 11,780 रुपये गेले. त्यातले 200 परत आले, ते कसे ते शेवटी सांगतो, कारण तेच जास्त झोंबतं.

माझं पुण्यात काचा साफ करायचं काम आहे, मी आणि दोन पोरं. बोअरच्या पाण्याने काच धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून आम्ही डीआय पाणी, म्हणजे क्षार काढलेलं पाणी वापरतो, ब्रश मारला, वरून पाणी सोडलं की पुसायची गरज नाही. पण प्रत्येक ठिकाणी नळ कुठून आणायचा? म्हणून पाठीवरचा बॅटरी पंप, तोच शेतातला फवारणीचा, 16 लिटरचा, त्याची नळी ब्रशच्या लांब दांड्याला, पोलला, जोडायची. काचेसाठी खास येणारे पंप आपल्याला परवडत नाहीत, तेव्हा फवारणी पंप घेतला म्हणून मला कोणी येडा म्हणू नका. नवा कोरा असेल तर तो मस्त चालतो. नवा कोरा असेल तर!

जाहिरात मोबाईलवर आली. 3,950 चा पंप 2,650 ला, डबल मोटर, 12 व्होल्ट 12 एएच बॅटरी (एएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते). (डबल मोटर काचेला लागतच नाही, पाणी नुसतं वाहून जातं, पण तेव्हा कोण विचार करतंय.) चार सांगितले, 10,600, वर ट्रान्सपोर्टचे 1,180. सीओडी द्या म्हटलं तर "सर, या रेटला सीओडी बसत नाही". पटलं, मी पण गिऱ्हाइकाकडून अ‍ॅडव्हान्स घेतोच की. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीऐवजी कुठल्यातरी बाईचं नाव, विचारलं तर "मॅडम अकाउंट बघतात". पुढचं सांगायला नको, पण नवव्या दिवशी पार्सल आलं! तिथेच फसलो. पैसे खाणारा माल पाठवत नाही असं डोक्यात बसलेलं.

आणि आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. खोकं फोडलं, झाकण फिरवलं, आणि आतून उग्र वास आला, फिनाईलसारखा, नाकात बसणारा. पोरगा म्हणाला, "दादा, कसला वास येतोय हो?" मी म्हणालो, "नवीन प्लास्टिकचा." मी म्हणालो! टाकीच्या तळाशी पिवळसर रेघ होती, जाळीच्या कडेला पांढरं काहीतरी सुकलेलं, स्क्रूंची डोकी खरवडलेली, स्टिकर मात्र चकाचक. सगळं बघितलं आणि एकदा पाणी भरून ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी सहा बंगल्यांचं काम होतं, थांबणार कसं?

आठ दिवसांनी एका बंगल्यातल्या आजींचा फोन. "अहो, तुमच्या पोरांनी काय फवारलंत? माझी तुळस बघायला या." गेलो. खिडकीखालच्या कुंड्या, तुळशीचे देठ पिळवटलेले, जास्वंदीची पानं द्रोणासारखी वळलेली. आजी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कुंड्या आणि झाडांचे 3,200 दिले, काम गेलं ते गेलंच.

तासगावचे मामा आले होते, द्राक्षबागवाले. त्यांनी झाकण उघडलं आणि लांबूनच, "अरे, टू-फोर-डी मारलेला पंप आहे हा! तणनाशकाचा पंप आम्ही बागेत शिरू देत नाही, कितीबी धुतला तरी भरवसा नाही." म्हणजे शेतात वापरून टाकलेले पंप, पुसून, स्टिकर लावून. बॅटरीवर 12 एएच छापलेलं, वजन केलं तर अडीच किलोच्या आत. 12 एएचची लेड अ‍ॅसिड बॅटरी साडेतीन किलोच्या आसपास भरते. उचलून बघत जा, लेबल वाचू नका.

बिल नंतर नीट बघितलं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर 24 ने सुरू, म्हणजे गुजरात. दिल्लीला 07, आपल्याला 27. पुढची दहा अक्षरं पॅनची, त्यातलं चौथं कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. वर प्रायव्हेट लिमिटेड छापलंय आणि नंबरात पी! जीएसटीच्या साईटवर नंबर टाकून फुकटात बघता येतं. मी काय तपासलं, तर बेरीज बरोबर आहे का ते.

चौकीत तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बाहेर, दुसऱ्यांदा जेवायला, तिसऱ्यांदा "माल मिळाला ना? मग दिवाणी आहे ते." एक जण तर म्हणाला, "पंपच निघालेत ना, दगड तर नाही निघाले." एका तक्रार लाइनवर नंबर मिळाला, वीस दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली. कोणी काढली, कशी काढली, पत्ता नाही. मग कळलं की धंद्यासाठी घेतलं तर तुम्ही ग्राहकच नाही! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्याला सूट आहे, पण मी शहाण्यासारखं बिल फर्मच्या नावाने मागितलेलं, आणि पोरं पगारावर. वकील म्हणाले लढता येईल, 15,000 लागतील. 11,000 साठी 15,000! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, स्वतः जाता येतं, पण तारखेच्या दिवशी काचा कोण पुसणार? अजिबात मालच आला नाही तर मात्र लगेच, त्याच तासात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पण तो विकणाऱ्याला पाठवू नका.

कारण ते 200. "सर, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा, 200 परत." मी पाठवला. हसत, अंगठा दाखवत, "एक नंबर माल आहे मित्रांनो," पंप पाठीला लावून. पैसे पाच मिनिटांत आले. परवा पोरगा मोबाईल घेऊन आला, "दादा, हे तुम्हीच ना?" जाहिरातीत मी. खाली कोणीतरी लातूरचा विचारतोय, कापसाला चालेल का. मी लिहिलं, घेऊ नको भावा. दहा मिनिटांत माझी कमेंट गायब आणि मी ब्लॉक.