जावक क्रमांक नसलेलं मंजुरीपत्र

आमचे हे साताऱ्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. पेन्शन महिना २,३००, बाकी भिस्त ठेवीच्या व्याजावर. जानेवारीत पुण्याच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला, लिव्हरपर्यंत गेलेला. दिवस किती उरलेत ते मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. मी कुणापाशी बोलले नाही, जाऊबाईंपाशीही नाही. लोक कीव करतील, हे नको होतं.

औषधांच्या काउंटरसमोरच्या बाकावर तो भेटला. पस्तिशीचा, कपाळाला गंध, काखेत प्लॅस्टिकची फाइल. "काकू, काकांचं कोटेशन कितीचं दिलंय?" रिपोर्ट मागितले, मी दिले. मुख्यमंत्री सहायता निधीतून तीन लाख काढून देतो म्हणाला, फाइल खर्च १२,०००. मी म्हटलं, विचार करून सांगते. तर रिपोर्ट चाळता चाळता हळूच म्हणतो, "रांगेनं गेलात तर चार महिने. आहेत का काकू तुमच्याकडे चार महिने?"

उत्तर त्याच्या हातातल्या कागदांवरच होतं. मी पैसे दिले. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सगळ्याचे फोटोही दिले.

आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीपत्र आलं. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का. रक्कम आमच्या खात्यात जमा होणार होती, फक्त मंत्रालयातल्या टेबलांसाठी १६,५०० लागतील. मग "टॅक्स" म्हणून १८,०००. दर वेळी खातं वेगळ्याच नावाचं. ते दिसत होतं हो मला! पण आधीचे गेलेले वाचवायला माणूस पुढचे देतो. यांना न सांगता ठेव मोडली.

दुसऱ्या केमोनंतर यांनी माझा फोन घेतला नि पत्र वाचलं. ताप होता अंगात. म्हणाले, "याला जावक क्रमांक कुठाय?" जन्मभर गेटपास तपासलेला माणूस. क्रमांकाच्या जागी तारीखच दुसऱ्यांदा छापली होती. त्या माणसाचा फोन बंद.

त्या बाकापासून वीसेक पावलांवर आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनांची माहिती देणाऱ्या मदतनिसाचं टेबल होतं. रोज त्याच्यासमोरून मी डबा घेऊन जात होते. तिथे बसणाऱ्या मुलीने सांगितलं, निधीच्या अर्जाला एक रुपया लागत नाही आणि मंजूर झालेले पैसे रुग्णाच्या खात्यात येतच नाहीत, थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. म्हणजे पत्रातली ती एक ओळच खोटं सांगत होती. शिवाय यांचं वय ७२. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, रुग्णालय योजनेत असलं की झालं. आधारवर कार्ड निघालं, फुकट. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ते तिथल्या समाजसेवा विभागात विचारायचं, बाकावरच्या माणसाला नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर शेवटचे पैसे पाठवून आठ दिवस झाले होते. खाती रिकामी. पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासाला तो नंबर फिरवा; पुढे सरकण्याआधी रक्कम गोठवता येते कधीकधी. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, "शिकलेल्या दिसता, मग?" त्यांना काय सांगणार. आधारचे फोटो त्याच्याकडे गेलेत म्हणून भाच्याने बायोमेट्रिक लॉक करून दिलं, तेवढं एक काम झालं.

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. श्रावणात गेले. नंतर त्यांची हिशेबाची वही उघडली, तर फेब्रुवारीच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती: फाइल खर्च ४६,५००, पावती नाही.