स्लो कुकरमधील राजमा आणि मांस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

चिनी मातीच्या भांड्याचा, साडेतीन लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे) मी गेले आठ महिने वापरत आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक वापर एकाच पदार्थासाठी झाला आहे : राजमा आणि मांस एकत्र शिजवलेला दाट रस्सा. मांसाबाबत माझी काहीही तक्रार नाही. राजम्यासाठी मात्र आपल्याला बरेच काम आधी करून घ्यावे लागते आणि सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत त्याविषयी एक ओळही नाही.

पहिल्या खेपेस मी रात्रभर भिजवलेला राजमा निथळून थेट भांड्यात घातला आणि मंद आचेच्या खुणेवर आठ तास ठेवला. दाणे दिसायला मऊ होते, पण दाताखाली कचकचत होते. जेवणानंतर दोन तासांतच मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. कारण नंतर वाचनातून कळले. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन (बाधणारे एक नैसर्गिक प्रथिन) असते, ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते, आणि 80 अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. स्लो कुकर नेमका याच टप्प्यात बराच वेळ रेंगाळतो. तेव्हापासून मी राजमा किमान पाच तास भिजवतो, ते पाणी ओतून देतो आणि ताज्या पाण्यात गॅसवर पूर्ण 30 मिनिटे उकळून मगच भांड्यात घालतो. दहा मिनिटांची उकळीही पुरेशी मानली जाते, पण पहिल्या अनुभवानंतर घाई करण्याची माझी इच्छा उरलेली नाही. ‘सगळे एकदम घाला आणि विसरा’ हे आश्वासन या पदार्थापुरते तरी खोटे आहे.

दाणे कडक राहण्याचे एक कारण टोमॅटो होते. आंबटपणामुळे दाण्यांतील पेक्टिन, म्हणजे पेशींना घट्ट धरून ठेवणारा घटक, लवकर सुटत नाही. म्हणून टोमॅटो मी शेवटच्या तासात घालतो. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यास साली मऊ होतात, हेही करून पाहिले आणि पटले.

मांस मात्र हे भांडे अप्रतिम शिजवते. खांद्याचे किंवा नळीचे, चिवट धाग्यांचे तुकडे सात-आठ तासांत हाडापासून आपोआप सुटतात, कारण त्यांतील कोलॅजन हे चिवट प्रथिन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. बिनचरबीचे महागडे तुकडे एकदा वापरले, ते चोथ्यासारखे कोरडे झाले. तुकडे आधी कढईत लालसर परतून घ्यावेत. बंद, ओलसर भांड्यात ती खमंग चव तयार होत नाही. गोठलेले मांस तसेच घालू नये, कारण मग संपूर्ण भांडे कोमट अवस्थेतच फार वेळ राहते.

पाण्याचा अंदाज यायला मला महिनाभर लागला. वाफ बाहेर जात नसल्यामुळे रस्सा आळत नाही, म्हणून मी पाणी जेमतेम दाणे बुडतील एवढेच ठेवतो आणि शेवटी मूठभर राजमा ठेचून त्यात मिसळतो. झाकण उघडून डोकावण्याची सवयही मोडावी लागली, कारण एकदा झाकण काढले की शिजण्याचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी सहज लांबतो.

गंमत म्हणजे या उपकरणाचा उगमच कडधान्य आणि मांसाच्या पदार्थात आहे. अर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये ज्या भांड्याचे पेटंट मिळाले, त्याची प्रेरणा रात्रभर मंद आचेवर शिजणाऱ्या ‘चोलंट’ या ज्यू पदार्थातून आली होती.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, परंतु तो त्याच जाड भांड्यात निवत ठेवू नये. ते तासन्‌तास कोमट राहते. मी तो लगेच उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवतो आणि पुन्हा गरम करताना स्लो कुकर न वापरता गॅसवर चांगली उकळी आणतो.