नर्सिंगला निर्णय घ्यायला शिकवायचंय: व्हर्च्युअल वर्ल्ड, स्क्रीनवरचा पेशंट की हेडसेट?

नर्सिंग कॉलेजला सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी नकली केसवर सराव करायला, पैसे मिळणार आहेत आणि नक्की काय घ्यायचं ते ठरत नाहीये, तर आधी एक केस डोळ्यासमोर ठेवा. ऑपरेशन झालेला पेशंट, रक्त चालू करून दहा मिनिटं झालीत, त्याला थंडी वाजतेय, कंबर दुखतेय म्हणतोय, बीपी खाली चाललंय, म्हणजे रक्ताची रिअॅक्शन. रक्त लगेच बंद, नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवायचं, पिशवीवरचं नाव-नंबर परत ताडायचं, पिशवी ब्लड बँकेला पाठवायची. हे सगळ्यांना पाठ असतं हो, पण पोस्टिंगमध्ये असं घडलं की स्टाफ सिस्टर धावत येऊन स्वतः करतात, आणि त्यांनी तेच करायला हवं, पण विद्यार्थिनी बाजूला उभी राहून बघते आणि पहिला निर्णय तिनं कधी घेतलेलाच नसतो.

स्क्रीनवरचा पेशंट, म्हणजे लेर्डल आणि वॉल्टर्स क्लुवर या कंपन्यांचं व्हीसिम हे सॉफ्टवेअर वगैरे. ब्राउझरमध्ये चालतं, प्रत्येकीला स्वतंत्र पेशंट मिळतो, शेवटी कुठे उशीर झाला, काय राहिलं ते दाखवतं, आणि चुकलं तर परत पहिल्यापासून करता येतं. मोठ्या बॅचसाठी हे सोयीचं. पण सगळं इंग्रजीत, हॉस्पिटल अमेरिकन धाटणीचं, आणि करायच्या गोष्टी यादीतून निवडायच्या असल्यामुळे काही मुली विचार न करता यादीच धुंडाळतात. शिवाय पेशंट एकच. आपल्या सरकारी वॉर्डात खरा प्रश्न असतो की आधी कुणाकडे जायचं!

तिथे व्हर्च्युअल वर्ल्ड, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी शिरायचं कॉम्प्युटरवरचं जग, भारी पडतं. सेकंड लाइफ हे असं एक जग 2003 पासून आहे, इम्पिरियल कॉलेज लंडननं त्यात हॉस्पिटलसुद्धा उभं केलं होतं. अशा जगात तुम्ही चार बेड लावू शकता, एक ट्यूटर पेशंटचा आवाज देणार, दुसरी चिडलेला नातेवाईक होणार, तिसरी फोनवर डॉक्टर, आणि विद्यार्थिनीला रक्ताची रिअॅक्शन झालेला पेशंट, पडू पाहणारे आजोबा आणि ओरडणारा नातेवाईक यातून क्रम लावायचाय, तेही मराठीत बोलून. मला हेच सगळ्यात जास्त पटतं. त्रास मात्र आहे: बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतात, अवतार (स्क्रीनवरचं आपलं पात्र) चालवायला शिकण्यातच पहिला तास जातो, जागा खाजगी ठेवावी लागते नाहीतर कुणीही घुसतं, आणि प्रत्येक वेळी तीन ट्यूटर मोकळ्या हव्यात.

डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये एकटेपणाचा ताण खरा वाटतो, पण मोजकेच सेट असले तर बाकीची बॅच बसून राहते, काहींना चक्कर-मळमळ होते. पहिल्या खरेदीत घेऊ नका असं माझं मत. आणि शीर शोधणं, सेट बदलणं हे हाताचं काम यातलं काहीच शिकवत नाही, त्यासाठी मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आणि वॉर्डच लागतो.

विकायला येणारे 2014 चा अमेरिकेतला एनसीएसबीएनचा (तिथल्या नर्सिंग बोर्डांची संघटना) अभ्यास दाखवतील: 10 कॉलेजं, क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशननं भरले तरी निकालात फरक पडला नाही. अभ्यास चांगलाच आहे, पण तो ट्रेनिंग घेतलेल्या ट्यूटर आणि नंतरची नीट चर्चा असलेल्या सिम्युलेशनचा होता, नुसत्या सॉफ्टवेअरचा नाही. "आधी सलाईन वाढवलं, रक्त बंद का नाही केलं, तेव्हा मनात काय आलं?" हे ट्यूटरनं शांतपणे, न ओरडता विचारायला हवं. केसला वीस मिनिटं लागली तर चर्चेला निदान तेवढीच द्या.

म्हणून ट्यूटर कमी आणि बॅच मोठी असेल तर स्क्रीनवाला घ्या आणि वाचलेल्या पैशातून ट्यूटरना डीब्रीफिंगचं, म्हणजे केसनंतरच्या चर्चेचं, ट्रेनिंग द्या. तीन ट्यूटर खरंच उभ्या करता येत असतील तर शेवटच्या वर्षासाठी व्हर्च्युअल वर्ल्ड. आणि काहीही घ्या, आधी ट्रायल मागून ही रक्ताची केस मुद्दाम चुकीच्या क्रमानं करून बघा: सॉफ्टवेअर लगेच अडवत असेल तर ते नको, पेशंटची तब्येत हळूहळू बिघडताना दिसली पाहिजे.