फ्री डिश घ्यावी की पैशांचं डीटीएच?

गावी एकट्या राहणाऱ्या मामींनी विचारलं, दर महिन्याचा रिचार्ज बंद करून फ्री डिश लावू का?

खर्चाचं उत्तर सोपं आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या फ्री डिशला छत्री आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच खर्च येतो, मासिक भाडं शून्य. खाजगी डीटीएचला नेटवर्क शुल्क, वर निवडलेल्या वाहिन्यांचे पैसे आणि 18 टक्के जीएसटी. नेटवर्क शुल्कावर ट्राय या सरकारी नियामकाची 130 रुपयांची कमाल मर्यादा होती, ती जुलै 2024 मध्ये काढली गेली. म्हणून आता कंपनीचे दर नीट विचारूनच घ्या.

वाहिन्यांचं मात्र बघावं लागतं. फ्री डिशवर खाजगी वाहिन्या लिलावात जागा विकत घेऊन येतात. मुदत संपली की आवडती मालिका अचानक गायब होऊ शकते, आणि ते मामींना फार लागेल. सह्याद्री मात्र दोन्हीकडे असते. क्रिकेटमध्ये फ्री डिश सरस: 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं.

बिघाड झाला तर? डीटीएचवाल्याला तक्रार निवारण यंत्रणा ठेवणं बंधनकारक आहे. फ्री डिशला गावातला छत्री बसवणाराच आधार. पावसात दोन्ही अडखळतात.

बातम्या, सह्याद्री, भारताचे सामने एवढंच बघणाऱ्यांनी फ्री डिश घ्यावी. ठरावीक मराठी मालिका चुकवायची नसेल, तर रिचार्ज ठेवा, पण मोजक्याच वाहिन्यांचा. मामींना मी हा दुसरा पर्यायच सांगितला.